तांब्यावरची साय

"जरा सावली बाजूला घ्या," हे त्यांनी मला उद्देशून उच्चारलेले पहिले वाक्य.

सिल्वासाच्या शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवण्यासाठी मी नुकताच रुजू झालो होतो. हा मुलूख भारतात सामील होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्यांत आणि शाळांत कोकणातून, मुंबईहून माणसे आणून बसवली जात होती. त्यांतलाच मी एक. शाळेच्या ओसरीवर एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ ऐन उन्हात उकिडवे बसून जमिनीवरचे काहीतरी न्याहाळत होते. अंगात काळा कोट, काखेत मिटलेली छत्री. ते विज्ञानाचे शिक्षक आहेत एवढे मला कोणीतरी सांगितले होते. नवा सहकारी म्हणून मी पुढे झालो आणि हात जोडले. त्यांनी वर पाहिलेही नाही. "नमस्कार. जरा सावली बाजूला घ्या," एवढेच म्हणाले.

मी बाजूला झालो, पण मनातून हललो. ते वाक्य मला नवे नव्हते. आमच्या घरी सोवळ्यातला माणूस पाण्याची घागर घेऊन निघाला की वाटेवरच्यांना हेच सांगितले जाई. अक्षरांची ओळख होण्याआधी मला या वाक्याची ओळख होती, आणि लहानपणी मीही ते मोठ्या आवाजात इतरांना म्हटलेले आहे. मला मात्र ते तोवर कोणी म्हटले नव्हते.

पुढे कळले की हे वाक्य ते सर्वांनाच म्हणतात. मुख्याध्यापकांना म्हणत, पोस्टमनला म्हणत, ओसरीवर येऊन बसणाऱ्या बकरीलाही तितक्याच आदराने म्हणत. मुलांनी त्यांचे नाव सावलीमास्तर ठेवले होते. ते त्यांना ठाऊक होते आणि त्यांना ते आवडतही असावे, कारण एकदा हजेरीपटावर सही करताना त्यांनी 'सा' लिहून मग खोडल्याचे मी पाहिले आहे.

त्यांच्या आयुष्यात दोनच गोष्टी होत्या, सूर्य आणि तांबे. कोट ते वैशाखातही घालत, कारण त्याच्या खिशांत पत्र्याचे तुकडे, तारा आणि मिठाची पुडी मावत असे. छत्री स्वतःच्या डोक्यावर त्यांनी कधी उघडल्याचे मला स्मरत नाही; ती तांब्याच्या पत्र्यावर सावली धरण्यासाठी होती. वर्गातल्या मुलांची नावे त्यांच्या लक्षात राहत नसत, पण कोणत्या बाकावर किती वाजता ऊन येते हे त्यांना पाठ होते. "साडेअकराच्या उन्हातला, उभा राहा," असे म्हटले की नेमका मुलगा उभा राही. एकदा एका मुलाने विचारले, "सर, हे परीक्षेत येणार का?" ते शांतपणे म्हणाले, "नाही. हे फक्त रोज येतं."

आमच्या सरकारी चाळीतल्या गृहिणी त्यांना भीत असत. कोणाच्याही घरी गेले की त्यांची नजर माणसांवर न ठरता फळीवरच्या भांड्यांवर जाई. घंगाळावर बोटाने टिचकी मारून ते विचारत, "वहिनी, हे कुठून घेतलं? कल्हई आहे की नुसतंच?" माझी पत्नी त्यांना भावजी म्हणे, आग्रहाने चहा देई, पण ते कोपऱ्यावर दिसले की आधी आत येऊन मला सांगे, "अहो, बंब परसात नेऊन ठेवा. भावजी येतायत."

आमची मैत्री नदीकाठी झाली. प्रातःसंध्येसाठी मी दमणगंगेवर जात असे. ओंजळीतले अर्घ्य सोडून डोळे उघडावेत तो हे पलीकडच्या खडकावर पत्रा मांडीवर घेऊन बसलेले. मी सूर्याला नमस्कार करावा आणि त्यांनी पत्रा उजेडाकडे किंचित कलता करावा, असा आमचा क्रम जुळून गेला. एका सकाळी ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही त्याला पाणी देता. मी त्याच्याकडे मागायला बसतो. तो कोणाचं आधी ऐकतो बघू या." मला राग यायला हवा होता, आला नाही. त्यांच्या बोलण्यात थट्टा होती पण अश्रद्धा नव्हती, हे माझ्यासारख्या पाठशाळेत वाढलेल्या माणसालाही जाणवत होते.

त्या खडकावर त्यांनी मला आपली विद्या समजावून सांगितली, एकदा नव्हे, अनेकदा. तांब्याचा पत्रा भट्टीत लालबुंद होईपर्यंत तापवायचा आणि तसाच अर्धा तास राखायचा. मग तो आपोआप, अगदी सावकाश निवू द्यायचा. निवताना त्याच्यावरची काळी साल लाह्या फुटाव्यात तशी टिकटिक करीत उडते. उरलेली काळपट साल वाहत्या पाण्याखाली हलक्या बोटाने काढायची. खाली दिसतो तो वाळलेल्या जास्वंदीसारखा तांबडा थर, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. त्याला ते साय म्हणत. "तांब्यानं हवा पिऊन धरलेली साय," असे म्हणत. असा पत्रा मिठाच्या पाण्यात ठेवायचा, त्याला न टेकेल असा दुसरा स्वच्छ पत्रा त्याच पाण्यात उभा करायचा, आणि दोन्हींना तारा जोडून त्या वीज मोजायच्या काट्याच्या पेटीला लावायच्या. सायीवर ऊन पडले की पेटीतला काटा हलतो. सावली आली की परत जातो.

"वीज तांब्यात होत नाही आणि सायीतही होत नाही," ते सांगत. "दोघांचा जिथं सांधा आहे तिथं होते. उजेडानं तिथले कण जागे होतात, एका अंगाला सरकतात, आणि त्यांना आल्या वाटेनं परत फिरता येत नाही. म्हणून त्यांना तारेतून लांबचा फेरा घ्यावा लागतो. तो फेरा म्हणजे आपली वीज."

हे सारे मी आज नीट सांगतो आहे. तेव्हा ते ऐकताना माझ्या ओठांत जप चाललेला असे. मी मान हलवीत असे. शिक्षकाला मान हलवण्याची सवय लागते आणि समोरच्याला वाटते की याला समजले. पुढे जे घडले त्याचे मूळ माझ्या त्या मान हलवण्यात आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो.

शाळेच्या मागे फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, अमदानीतली एक जुनी कोठी होती. तिला दक्षिणेकडे दार होते, आणि थंडीच्या दिवसांत दहापासून दोनपर्यंत तिच्या उंबऱ्याच्या आत हातभर ऊन येई. ती खोली मास्तरांची प्रयोगशाळा होती. एक मोडके टेबल, एक काट्याची पेटी आणि भिंतीवर खडूने काढलेल्या रेघा, एवढीच तिची संपत्ती. रेघा कोणत्या महिन्यात ऊन कुठवर येते त्याच्या. सगळ्या सिल्वासात अशी जागा दुसरी नाही असे ते म्हणत, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज घरमालकासारखा होई.

मुख्याध्यापकांना ती खोली हवी होती. ते गुजरातकडचे, कर्तबगार, कामाला चोख. आमच्याशी मराठी बोलत, पण घाईत आले की त्यांच्या तोंडी दोन्ही भाषा एकमेकींच्या पायांत येत. एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत सर्वांसमक्ष त्यांनी विषय काढला.

"मास्तर, मने ओरडो जोइए. ती खोली द्या मला. नवीन बेंच येणार, नकाशे आले, रमतगमतचं, खेळाचं सामान आलं. कुठे ठेवू, माझ्या माथ्यावर?"

"तिथे ऊन येतं, साहेब."

"ऊन तर मैदानात पण येते! बोलो, तुमच्या ह्या पत्र्यावर बत्ती लागेल?"

"नाही."

"पंखो फिरेल?"

"नाही."

"तो पछी थाय छे शुं? होते काय?"

"काटा हलतो," मास्तर म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो असेन. मुख्याध्यापक मात्र हसले नाहीत. त्यांनी न्यायी तोडगा काढला. माघात शिक्षणखात्याचे मोठे अधिकारी शाळा पाहायला येणार होते. त्यांच्यासमोर मास्तरांनी तो काटा हलवून दाखवावा. साहेबांना पटले तर खोली मास्तरांची, कागदावर. नाही पटले तर खोली सामानाची. आणि खानवेलच्या शाळेत एका शिक्षकाची जागा रिकामी आहेच. तेव्हाचे खानवेल म्हणजे साग आणि खैराचे जंगल, आणि दिवसाला एखादी बस, तीही आली तर. तिथल्या शाळेत अशी कोठी नव्हती, आणि काट्याची पेटी तर आमच्याच शाळेच्या मालकीची होती.

मास्तरांनी महिनाभर तयारी केली. जवळच्या डोकमर्डी गावातल्या एका लोहाराच्या भट्टीवर ते रोज शाळा सुटल्यावर जाऊन बसत. सहा पत्रे तापवले. दोन वाकले, तीन लोहाराने घाईने पाण्यात टाकले आणि त्यांची साल व साय दोन्ही गेली. एक साधला. तो मला दाखवताना त्यांनी तो हातात दिला नाही, फक्त समोर धरला. त्यांची बोटे भाजलेली होती आणि भुवया अर्ध्या जळालेल्या. "हा बोलतो," एवढेच म्हणाले.

साहेब येणार म्हणून शाळेला चुना द्यायचे ठरले. कोठीत चुन्याची धूळ उडणार. मास्तरांच्या बिऱ्हाडी घरमालकिणीच्या कोंबड्या ट्रंकेवर बसत. मग त्यांनी तो पत्रा धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आणला.

"शास्त्रीबुवा, तुमच्या देवघरात राहू द्या. सगळ्या चाळीत तेवढीच कोरडी आणि न शिवलेली जागा आहे. साहेब यायच्या दिवशी सकाळी घेऊन या. तोवर कोणाचा हात लागता कामा नये."

मी तो देवांच्या डाव्या हाताला ठेवला. दोन दिवस पूजेच्या वेळी त्याच्याकडेही एक फूल सरकवले.

साहेब यायचा दिवस आणि रथसप्तमी एकच आली. रथसप्तमीला आमच्याकडे देवघरातले एकूण एक तांबे निघते. ताम्हण, पळी, पंचपात्री, कलश, सारे चिंचेने आणि राखेने घासून सूर्यासमोर ठेवायचे. पहाटे मी भांडी घासायला बसलो. शेवटी तो पत्रा राहिला. फडके सोडले तर आत काळपट तांबडा, डागाळलेला तुकडा. माझ्या मनात आले, हा सूर्याच्याच कामाचा, आज सूर्याचा दिवस, साहेब पाहणार, आणि हा असा? मास्तरांना मी काळी साल पाण्याखाली बोटाने काढताना पाहिले होते. मला वाटले, उरलेली निघाली नाही म्हणून त्यांनी तशीच ठेवली. ब्रह्मचारी माणूस, त्यांना चिंच कोण सांगणार?

पत्नी दाराशी आली. "अहो, हात लावू नका म्हटलं होतं ना भावजींनी?"

"ते परक्यांसाठी," मी म्हणालो.

मी तो पत्रा घासला. हातात माळ नव्हती, पण गायत्रीच्या एकशे आठ आवर्तनांइतका वेळ घासला. थर चिवट होता. मी त्याहून चिवट होतो. शेवटी पत्रा असा लखलखू लागला की उगवतीचे ऊन त्याच्यावरून उडून तुळईवर नाचले. मला फार समाधान वाटले. मी तो माझ्या रेशमी सोवळ्याच्या उपरण्यात गुंडाळला आणि शाळेत निघालो.

कोठीत मास्तर एकटेच होते. टेबल उंबऱ्याशी ओढलेले, काचेच्या भांड्यात मिठाचे पाणी, पेटी जोडून ठेवलेली. त्यांनी उपरणे उलगडले आणि पत्रा उजेडाकडे किंचित कलता केला.

"किती स्वच्छ झालाय," ते म्हणाले. "माझं तोंड दिसतंय."

माझ्या चेहऱ्यावरचा आनंद मावळू लागला असावा, कारण त्यांनी लगेच अगदी सौम्यपणे विचारले, "चिंच?"

"चिंच आणि राख."

"किती वेळ?"

"एक माळ होईल इतका."

"एक माळ." त्यांनी मान डोलावली. "म्हणजे मनापासून घासलाय."

"मास्तर, काही चुकलं का?"

"साय होती ती, शास्त्रीबुवा. तीच बोलत होती."

त्या क्षणी नदीकाठच्या सगळ्या सकाळी माझ्या कानांत एकदम परत आल्या. साय, सांधा, परत न फिरणारे कण, लांबचा फेरा, सगळे. मुलांना मी बजावत असे की ऐकणे हेच अध्ययनाचे पहिले अंग आहे. मी स्वतः दोन वर्षे ऐकले नव्हते.

बाहेर पावले वाजली. नवा पत्रा करायला भट्टी हवी, अर्धा दिवस हवा. मास्तरांनी पत्रा पाण्यात ठेवला, तारा लावल्या आणि कोटाची बटणे लावली. साहेब आत आले. मागे मुख्याध्यापक, त्यांच्या मागे आम्ही शिक्षक. साहेब वयस्क आणि भले वाटत होते. ते वाकून पेटीकडे पाहू लागले. ऊन उत्तम होते. पाण्यात दोन्ही पत्रे सारखेच झळकत होते.

काटा हलला नाही.

मास्तरांनी छत्री उघडून सावली धरली, काढली, पुन्हा धरली. काटा आपल्या जागी. कोणीतरी खोकले. मुख्याध्यापक हलकेच म्हणाले, "सूर्यनारायण आज रजेवर दिसतात, मास्तर. रथसप्तमीनी छुट्टी!" लोक हसले. साहेबांनीही शिष्टाचारापुरते स्मित केले आणि विचारले, "काय बिघडलं असेल?"

मी पुढे झालो. मला सांगायचे होते की हा दोष माझा आहे, हे माझ्या हातांनी केले आहे. मी तोंड उघडले, पण शब्द फुटण्याआधी मास्तरांनी माझ्याकडे पाहिले.

"शास्त्रीबुवा," ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "जरा सावली बाजूला घ्या."

माझी सावली कुठेच पडत नव्हती. मी दाराच्या आत, भिंतीशी होतो. तरी मी मागे सरलो. मग ते साहेबांना म्हणाले, "माझी चूक, साहेब. नीट काळजी घेतली नाही." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "पुढच्या वेळी दाखवा," म्हणाले, आणि सगळे अल्पोपाहाराकडे गेले. ते साहेब आमच्या शाळेत पुन्हा आले नाहीत.

मी मागे का सरलो, या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःला अनेक तऱ्हांनी दिले आहे. त्यांनीच थांबवले, त्यांचा मान राखला, सर्वांसमोर वाद नको होता. खरे उत्तर असे की मला सुटल्यासारखे वाटले. ते वाटले म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दारात उभा होतो. मी सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. माणूस वाईट नव्हता.

"शास्त्रीजी, तुम्ही सच्चा माणूस. पण मला सांगा, जी विद्या चिंचेनं धुतली जाते, ती शाळेत कशी टिकेल? आणि बेंच तर काल सांजेच आत मुकी दिधी."

बाके आत ठेवून झाली होती. भिंतीवरच्या खडूच्या रेघा बाकांमागे गेल्या. मास्तर आठ दिवसांत खानवेलला गेले. निघताना मी बसपर्यंत गेलो. क्षमा मागण्यासाठी मी मनात पुष्कळ वाक्ये जुळवली होती, शुद्ध आणि प्रमाणबद्ध. त्यांनी एकही पूर्ण होऊ दिले नाही, खिडकीतून म्हणाले, "वहिनींना सांगा, बंब आता खुशाल घरात ठेवा."

फाल्गुन संपत आला तेव्हा मी खानवेलला गेलो. पिशवीत माझ्या वडिलांचे ताम्हण होते. तांबे जुने, हाताने ठोकलेले. त्यात वडिलांनी आणि त्यांच्यामागे मी रोज अर्घ्याचे पाणी सोडलेले. सोबत पळी होती आणि शाळेची काट्याची पेटी. पेटी मी मुख्याध्यापकांकडून रीतसर अर्ज करून मागून घेतली होती. अर्जात 'संस्कृतच्या अध्यापनासाठी' असे कारण लिहिले होते. माझ्या आयुष्यातले ते एकमेव लेखी असत्य, आणि मुख्याध्यापकांनी ते वाचून, माझ्याकडे एकदा पाहून, सही केली.

शाळा म्हणजे कुडाच्या दोन खोल्या आणि ओटा. हवेत मोहाच्या फुलांचा उग्र गोड वास होता. मास्तरांनी शाळेमागे दगडांची भट्टी रचलीच होती. तापवायला तांबे मात्र नव्हते. मी ताम्हण पुढे केले.

"वडिलांचं?"

"हो."

"मग नको."

"मास्तर, मी याच्यासाठी आलोय."

"काळं होईल."

"मग होऊ द्या."

त्यांनी ताम्हणावर टिचकी मारली, कान जवळ नेला आणि नाइलाजाने हसले. "फार चांगलं तांबं आहे हो," म्हणाले. मग एकदम गंभीर झाले. "एक सांगायचं राहिलं होतं. तो पत्रा तुमच्या देवघरात ठेवला ना, तो फिरंग्यांच्या वेळच्या दारूच्या भट्टीतला होता. हंड्याचं बूड. तुम्ही विचारलं नाही, मी बोललो नाही."

दोन दिवस मी त्याला फुले वाहिली होती. "आणि मी तो सोवळ्यात गुंडाळून आणला!"

"एक माळ घासलात ना? शुद्ध झाला असेल," ते म्हणाले, आणि त्या दुपारी इतक्या दिवसांत प्रथमच आम्ही दोघे पोट धरून हसलो.

भाता चामड्याचा होता. तो मी ओढला. जन्मभर तांबे उजळण्याचे काम केलेल्या माझ्या हातांनी ते लाल होऊ दिले, काळे होऊ दिले. मग आम्ही ते निवण्याची वाट पाहत बसलो. एकेक पापुद्रा टिकटिक करीत उडू लागला. उरलेली साल मास्तरांनी मला काढायला लावली. "हलक्या बोटानं. गंध लावता तसं." खाली तो जास्वंदी थर उगवताना मी पहिल्यांदा पाहिला, म्हणजे खरोखर पाहिला.

वेगळे भांडे लागले नाही. ताम्हणातच मिठाचे पाणी घातले. बाहेरच्या काठाला खरवडून एक तार जोडली, दुसरी पळीला, आणि पळी कोठे टेकणार नाही अशी दोन काड्यांवर पाण्यात अडकवली. ताम्हण ओट्यावर उन्हात ठेवले.

काटा हलला. फार नाही; तांदळाच्या दोन दाण्यांइतका सरकला आणि तिथेच स्थिर राहिला. मी नकळत हात जोडले. कोणाला, सूर्याला की मास्तरांना, ते मी तेव्हाही ठरवले नाही.

शाळेत पाणी भरणारी एक वारली बाई हंडा उतरवून जवळ आली होती. "मास्तर, काय रं हाय ह्या?" म्हणत ती ताम्हणावर वाकली. तिची सावली पाण्यावर पडली. काटा परत शून्यावर गेला. माझा हात, मी सांगतो ते खरे सांगतो, ताम्हण ओढून घेण्यासाठी पुढे गेला होता. वडिलांचे ताम्हण, आणि अक्षरांच्या आधी शिकलेले ते वाक्य माझ्या जिभेवर आले होते. मास्तरांनी माझा तो पुढे गेलेला हात पाहिला. बाईला बाजूला व्हायला सांगितले, काटा वर आला. मग माझा हात धरून तो त्यांनी ताम्हणावर धरला. काटा शून्यावर गेला, नेमका त्याच रेघेवर.

"सारखीच," मास्तर पुटपुटले, वर्गात माप वाचून दाखवतात तसे.

बाई तोंडाला पदर लावून हसली. "माजी न् ह्या भटाची सावली येकसारकीच भरली?"

"येकसारखीच," मास्तर म्हणाले. "पाहा ना, शास्त्रीबुवा."

मी पाहत होतो.

पेटी आणि ताम्हण मी तिथेच ठेवून आलो. पेटी कोणी परत मागितली नाही. मधून मधून खानवेलहून येणारा एखादा माणूस सांगे की तिथली मुले ओट्यावर बसून काटा नाचवतात, हाताची, पानाची, कोंबड्याची सावली धरतात आणि माप वहीत लिहितात. मास्तर तिथून हलायला तयार नाहीत असेही ऐकले. आणखी काही वर्षांनी ते नोकरी सोडून खानदेशात आपल्या गावी गेले. ते गेल्याचे मला कळले तेच मुळी बसच्या कंडक्टरने एक पुडके आणून दिले तेव्हा. माझ्या सोवळ्याचे रेशमी उपरणे होते, कोठीत राहून गेलेले, आणि त्यात ताम्हण. आत चिठ्ठी होती. तिच्यावर दोनच शब्द होते: "घासू नये."

त्यानंतर त्यांचे पत्र आले नाही. मी दोन लिहिली. पोचली की नाही ठाऊक नाही.

ते ताम्हण आजही माझ्या पूजेत आहे. त्याची साय पुष्कळशी झिजली आहे, मधे हिरवट झाली आहे. दर रथसप्तमीला सगळी भांडी लखलखीत होऊन सूर्यासमोर येतात आणि त्यांच्यात हे एक काळवंडलेले ताम्हण बसते. आमच्या सूनबाई शहाण्या आहेत. पहिल्या वर्षी त्यांनी चिंच भिजवली होती, तेव्हा मी त्यांना ती चिठ्ठी दाखवली. त्यानंतर त्यांनी त्याला हात लावलेला नाही.

यंदा पूजा आटोपल्यावर ताम्हणात पाणी तसेच होते आणि त्यावर खिडकीतून ऊन आले होते. मी पाहत बसलो होतो. सूनबाई दूध घेऊन आल्या आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

"बाळ," मी म्हणालो, "जरा सावली बाजूला घे."

त्या दचकल्या. मी तसे कोणाला म्हटल्याचे त्यांनी कधी ऐकले नव्हते. "का हो, बाबा? काय होतं सावलीनं?"

"काटा पडतो," मी म्हणालो, "कोणाचीही असली तरी."

त्यांनी ताम्हणाकडे पाहिले. तिथे काटा नव्हता, तार नव्हती, काहीच नव्हते. तरी त्या दूध ठेवून एक पाऊल बाजूला झाल्या, आणि मग, त्यांच्या मागोमाग, मीही.